डायलिसिस मोफत, गोळी मात्र बाहेरून: आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचे अधिकारी,
आणि सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय: रक्तदाब व मधुमेहाची रोजची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रांत बारा महिने उपलब्ध ठेवण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आज सरकारचा आधार आहे, हे मान्य करूनच सुरुवात करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे डायलिसिस होते. प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली आहे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे कवच आहे आणि २०२३ च्या निर्णयानंतर शिधापत्रिका पिवळी, केशरी की पांढरी हेही पाहिले जात नाही. एवढे थोड्या राज्यांनी केले आहे.

पण त्याची मूत्रपिंडे अशीच एका दिवसात निकामी होत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत आधी दहा-पंधरा वर्षे बीपी किंवा साखर असते, आणि तेव्हा त्याला लागत असते ती रोजची एक-दोन गोळी. ती गोळी या पाच लाखांत बसत नाही. योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. काही निवडक उपचारांनंतरच्या पाठपुराव्याची पॅकेजेस सोडली, तर घरी बसून रोज घ्यायच्या गोळीचा भार तिने कधी उचललाच नाही. ती जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीची. खिडकीवर ‘साठा संपला, बाहेरून आणा’ म्हटले की कवचाची सुरुवातच कोसळते. हे पत्र त्या खिडकीबद्दल आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, नाकारण्याचे कारण नाही. तरी शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून लोकच मोजतात आणि त्यात सर्वांत मोठा वाटा औषधांचा. ऑपरेशनचे बिल एकदाच येते, गावभर कळते, नातेवाईक मदतीला धावतात. महिन्याच्या औषधांचे बिल मात्र गुपचूप येते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येते. बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल असे तिन्ही असलेल्या माणसाने ब्रँडची औषधे घेतली, तर महिन्याला हजार रुपये सहज होतात. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे महिन्यातले तीन दिवसांहून अधिक काम नुसत्या गोळ्यांसाठी. माणूस मग स्वतःच तोडगा काढतो: रोजच्या ऐवजी एक दिवसाआड, किंवा ‘डोके दुखले की’. बीपीला डोके दुखण्याची गरज नसते, हे त्याला सांगितलेले असते. पैशांचे गणित त्यापेक्षा मोठ्याने बोलते.

किती लोकांचा हा प्रश्न आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरील २१.३ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी ते औषध घेत होते. ढोबळमानाने चार-पाच प्रौढांत एक. आशाताई घरोघर फिरून ३० वर्षांवरील प्रत्येकाचा सी-बॅक अर्ज (बीपी, साखर अशा आजारांचा धोका पाहणारी प्रश्नावली) भरतात, शिबिरे होतात, फलक लागतात, तपासलेल्यांचा आकडा वर कळवला जातो. सापडलेल्या माणसाला द्यायला गोळी नसेल, तर एवढ्या तपासणीतून त्याच्या हाती फक्त काळजी पडते.

काय द्यायचे, हा प्रश्न तर केव्हाच सुटला आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे चार जिल्हे पहिल्या टप्प्यातच होते. त्या उपक्रमाची सगळी मदार साधेपणावर आहे. मोजकी औषधे, ठरलेली मात्रा, ठरलेल्या पायऱ्या. अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने सुरुवात. रक्तदाब १४०/९० च्या खाली आला नाही तर टेल्मिसार्टन ४० ची जोड किंवा मात्रेत वाढ. तरीही नाही आला तर क्लोरथॅलिडोन १२.५. राज्याराज्यांत पायऱ्यांचा क्रम थोडा वेगळा, पण औषधे हीच. पेटंट कुणाचेच नाही, कारखाने भरपूर, घाऊक खरेदीत अम्लोडिपिनची गोळी काही पैशांत पडते.

तेव्हा हिशेब मांडून पाहू. एका केंद्रावर बीपीचे १,००० नोंदलेले रुग्ण धरा. त्यातले ६०० नुसत्या अम्लोडिपिनवर, ३०० दोन औषधांवर, १०० तिन्हींवर. एकूण हजारांतल्या २०० जणांना अम्लोडिपिन ५ च्या दोन गोळ्या लागतात. महिन्याला अम्लोडिपिन ३६,०००, टेल्मिसार्टन १२,०००, क्लोरथॅलिडोन ३,०००. एकूण ५१,००० गोळ्या. गोळीमागे सरासरी एक रुपया असा सढळ दर धरला तरी महिन्याला ५१,००० आणि वर्षाला ६ लाख १२ हजार रुपये. रुग्णामागे वर्षाला ६१२. एका प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख आहे. दीड प्रत्यारोपणाच्याही आत हजार माणसांची वर्षभराची औषधे येतात. पैसा नाही म्हणून ही गोळी मिळत नाही, असे कुणी म्हणाले तर आम्हाला ते पटणार नाही. घोडे अडते ते मागणीपत्रात, खरेदीत आणि वाटपात.

आधी मागणीपत्र. सर्वांत मोठी गळती इथेच आहे, आणि ती कुणाच्या लबाडीमुळे नाही. भागाकार चुकतो, एवढेच. औषधनिर्माण अधिकारी ‘गेल्या वर्षी किती खपले’ ते पाहून पुढच्या वर्षीची मागणी भरतो. समजा, गेल्या वर्षी टेल्मिसार्टनच्या २४,००० गोळ्या आल्या आणि आठ महिन्यांत संपल्या. पुढचे चार महिने कपाट रिकामे. २४,००० ला १२ ने भागले तर महिन्याचा वापर २,००० दिसतो. खरा वापर २४,००० भागिले ८, म्हणजे ३,००० आहे. रिकाम्या चार महिन्यांत रुग्ण येतच होते. त्यांची चिठ्ठी समोरच्या मेडिकलमध्ये गेली म्हणून ती आपल्या नोंदीत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा २४,००० मागवल्या जातात आणि पुन्हा आठ महिन्यांत संपतात. दरम्यान रुग्ण वाढलेले असतील तर सातच महिन्यांत. अशा रीतीने टंचाई दर वर्षी नव्याने मंजूर होते, सही-शिक्क्यासह.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही लागतील. एक, भागाकार बारा महिन्यांनी न करता साठा असलेल्या महिन्यांनी करा. औषधसाठ्याच्या ई-औषधी या संगणक प्रणालीत आवक-जावक तारखेनिशी नोंदली जाते, तेव्हा शिल्लक शून्य असलेले दिवस काढणे अवघड नाही. दोन, ज्यांचे रुग्ण नावानिशी नोंदलेले आहेत अशा औषधांची मागणी खपावरून न काढता वर केली तशी रुग्णसंख्येवरून काढा. तापाच्या गोळीला हा हिशेब चालत नाही, कारण साथ कधी येईल ते सांगता येत नाही. बीपीचा रुग्ण मात्र पुढच्या महिन्यातही बीपीचाच रुग्ण असतो. त्याची नोंदवहीच मागणीपत्र आहे.

मागणी कधी पाठवायची, हेही ठरवायला हवे. पुरवठ्याला चार महिने लागत असतील आणि दोन महिन्यांचा साठा उरल्यावर मागणी गेली, तर दोन महिने कपाट रिकामे राहणार हे त्याच दिवशी ठरून गेले. महिन्याला ३,००० गोळ्या लागतात, पुरवठ्याला चार महिने आणि अडीअडचणीला दोन, तर शिल्लक १८,००० वर आली की मागणी गेलीच पाहिजे. हा आकडा प्रत्येक औषधाच्या कप्प्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. संगणकावर दिसतो हे खरे, पण कप्प्याकडे रोज नजर जाते.

आता खरेदी. २०१७ पासून हे काम हाफकिन जैव-औषध महामंडळाकडे होते. २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि औषधखरेदीचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. नंतर चर्चा ओसरली, खरेदीचे प्रश्न मात्र होते तिथेच आहेत.

प्राधिकरणाला नवा शोध लावायची गरज नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापले. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ ला मोफत औषध योजना सुरू करताना त्याच वाटेने जाणे पसंत केले. तामिळनाडूच्या पद्धतीतले तीन भाग घेण्यासारखे आहेत. पहिला, पासबुक: प्रत्येक संस्थेला वर्षाची रक्कम ठरवून दिलेली, संस्था जिल्हा भांडारातून आपल्याला हवे ते औषध हव्या त्या प्रमाणात उचलते आणि किंमत पासबुकातून वजा होते. वरून ‘पाठवले म्हणून घ्या’ हा प्रकार उरत नाही. नको असलेले सिरप कपाटात कालबाह्य होत पडले आहे आणि हवी ती गोळी नाही, हे आपल्याकडचे जुने दुखणे त्याने बरे होते. दुसरा, थेट उत्पादकाकडूनच खरेदी. तिसरा, प्रत्येक बॅचची तपासणी: भांडारात माल आला की नमुना काढायचा, त्यावरचे कंपनीचे नाव झाकून सांकेतिक क्रमांक द्यायचा, प्रयोगशाळेचा ‘उत्तीर्ण’ अहवाल येईपर्यंत माल विलगच ठेवायचा.

तिसरा भाग किती गरजेचा आहे ते २०२४ मध्ये नागपुरात दिसले. सरकारी रुग्णालयांत पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट असल्याच्या प्रकरणात पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले. गोळीत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचा आरोप त्यात आहे. प्रतिजैविक खोटे असले तर निदान ताप उतरत नाही म्हणून शंका येते. बीपीची गोळी खोटी असली तर कुणालाच काही जाणवणार नाही, अगदी पक्षाघात होईपर्यंत. म्हणून रोजच्या औषधांची तपासणी अधिक काटेकोर हवी.

निविदांना प्रतिसाद का येत नाही, याचे उत्तरही पुरवठादारांकडे दोन वाक्यांत मिळते. बिले वेळेवर निघत नाहीत, आणि दर करारात खरेदीच्या प्रमाणाची हमी नसते. एक कोटी गोळ्यांचा अंदाज दाखवून वीस लाखच उचलायच्या असतील, तर शहाणा उत्पादक एकतर येत नाही किंवा तो धोका दरात मिळवतो. प्रयोगशाळेचा अहवाल उत्तीर्ण आला की तीस दिवसांत पैसे आणि अंदाजित प्रमाणाच्या किमान साठ टक्के उचल, एवढी लेखी हमी द्या. दर खाली येतील, निविदाकार वाढतील. आणि एका औषधाला एकच पुरवठादार ठेवू नका. पहिल्याला साठ-सत्तर टक्के, त्याच दराला तयार असेल तर दुसऱ्याला उरलेले. म्हणजे एकाचा कारखाना बंद पडला तरी राज्य उपाशी राहत नाही.

आता वाटप. इथे बारीकसारीक गोष्टींत रुग्ण हातचा जातो. साठा अपुरा असला की फार्मासिस्ट सगळ्यांना थोडे थोडे वाटतो, पंधरा दिवसांच्या ऐवजी आठ. हेतू चांगला, परिणाम वाईट. रुग्णाच्या महिन्यात चार फेऱ्या होतात, चार वेळा एसटीचे भाडे आणि चार दिवसांची मजुरी बुडते. मोफत गोळी त्याला बाजारातल्या गोळीपेक्षा महाग पडते आणि तो यायचा थांबतो. किमान तीस दिवसांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. ज्यांचा रक्तदाब सलग काही भेटींत काबूत आहे, त्यांना तीन महिन्यांच्या द्याव्यात आणि दर महिन्याचे मोजमाप गावातल्याच उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने करावे. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून नामकरण झालेल्या उपकेंद्राच्या यादीत १०६ आणि प्राथमिक केंद्राच्या यादीत १७२ औषधे आहेत. त्यातली किती नावे भिंतीवर आहेत आणि किती कपाटात, हे कुणीही जाऊन मोजावे.

साठा नसताना डॉक्टर बदली औषध देतात, त्याचेही नियम हवेत. टेल्मिसार्टन नाही म्हणून अम्लोडिपिन दुप्पट केले की काहींच्या पायांना सूज येते. रुग्ण गोळीच बंद करतो आणि पुन्हा सूज नको म्हणून केंद्राकडे फिरकत नाही. ॲटेनोलॉलसारखी हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी एकदम थांबली तर हृदयरुग्णाच्या छातीतले दुखणे उसळू शकते. अँजिओप्लास्टी झालेल्याची गोष्ट याहून गंभीर. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी स्टेंटची (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या औषधलेपित जाळीची) कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, योजनेत स्टेंट बसतोही. पण त्यानंतर साधारण वर्षभर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी औषधे खंड न पडता घ्यावी लागतात. ती मध्येच तुटली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन सगळा खर्च आणि माणूस दोन्ही हातचे जातात. तालुक्यातल्या अशा प्रत्येक रुग्णाचे नाव ग्रामीण रुग्णालयाच्या फार्मासिस्टकडे असावे आणि त्याच्या गोळ्या वेगळ्या काढून ठेवलेल्या असाव्यात.

इन्सुलिनमध्ये तर जीवघेणा घोळ होऊ शकतो. सरकारी पुरवठ्यातली कुपी बहुधा प्रति मिली ४० युनिटची असते. तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. कुपी एका निविदेतून आणि सिरिंज दुसऱ्या निविदेतून येणार असेल तर दोन्ही एका वेळी पोचतीलच असे नाही. मग रुग्ण मेडिकलमधून मिळेल ती सिरिंज आणतो. ती १०० ची निघाली आणि त्याने सवयीप्रमाणे ४० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर हाती येते ०.४ मिली, म्हणजे फक्त १६ युनिट. साखर चढते, डॉक्टर मात्रा वाढवतात, पुढे योग्य सिरिंज मिळते आणि तीच वाढवलेली मात्रा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवते. कुपी आणि सिरिंज एकाच मागणीत, एकाच वेळी, एकाच खिडकीतून दिली तर हा प्रकार बंद होतो. आणि २ ते ८ अंशांच्या शीतपेटीतून उपकेंद्रापर्यंत कुपी पोचवताना ती बर्फाला चिकटवून ठेवू नये; गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरायचे नसते.

राहिली ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून सगळे मोफत आहे, तेव्हा खरे तर ही चिठ्ठी निघताच कामा नये. निघालीच तर तिच्यावर औषधाचे मूळ नाव असावे, ब्रँड नव्हे. हा आग्रह दिखाऊ नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीनुसार चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच औषधाच्या (डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या) जागी दुकानदाराला दुसरे उत्पादन देता येत नाही, घटक तोच असला तरी. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला की जनऔषधी केंद्र शेजारी असूनही रुग्णाच्या कामाचे राहत नाही. त्यातही टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन सुटे लिहा. दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, म्हणून त्यांना सरकारने ठरवलेली कमाल किंमत आहे. दोघांची एकत्र ब्रँडेड गोळी सोयीची खरी, पण तिची किंमत दहा रुपयांच्या वर जाऊ शकते. कमाल किंमतही उत्पादनखर्चावरून ठरत नाही हे जाता जाता सांगायला हवे: २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे एक टक्का किंवा अधिक बाजारवाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी आणि वर दुकानदाराचा १६ टक्के नफा. महाग ब्रँड जास्त तर सरासरी महाग. तो विषय दिल्लीचा, इथे वाढवत नाही.

प्रत्येक ‘बाहेरून’ चिठ्ठीची कार्बन प्रत केंद्रात ठेवावी. महिनाअखेर त्या प्रती मोजल्या की कोणते औषध किती कमी पडले याचा खरा आकडा मिळतो. वर सांगितलेला चुकीचा भागाकार दुरुस्त करायला याहून स्वस्त साधन नाही. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून आणि स्थानिक खरेदीच्या मर्यादेतून ही तूट आठवडाभरात भरून काढण्याचे अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्याला आहेत, पण लेखापरीक्षणाच्या भीतीने ते वापरले जात नाहीत. ‘अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, मेटफॉर्मिन, इन्सुलिन व सिरिंज यांचा साठा दहा दिवसांखाली आला तर स्थानिक खरेदी बंधनकारक’ असे एका ओळीचे परिपत्रक निघाले तर भीतीच उलटी होईल. खरेदी का केली याऐवजी का केली नाही, असा प्रश्न विचारला जाईल.

आमची मागणी अशी की या सहा वस्तूंचा प्रत्येक प्राथमिक केंद्रातला शिल्लक साठा दर महिन्याच्या एक तारखेला विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध व्हावा, शेजारी त्या केंद्राच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या आणि गेल्या महिन्यातले रिकामे दिवस असावेत. पुढचे वार्षिक मागणीपत्र मंजूर करताना हे रिकामे दिवस वजा केल्याशिवाय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने सही करू नये. सुरुवात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्ध्यापासून करता येईल. तिथे रुग्णनोंदी सर्वांत जुन्या आहेत. नमुना तक्ता आणि हिशेबाचे सूत्र आम्ही तयार केले आहे, मागाल तेव्हा पाठवू.

आपले,
सार्वजनिक आरोग्य आणि औषधपुरवठा क्षेत्रातील काही डॉक्टर, औषधनिर्माते व कार्यकर्ते